धूळ आणि नवे तारे: लाल दिसणारा तारा थंड की झाकलेला?

सातरस्ता
मंडळी, गड्ड्याच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत शाळेच्या मुलांसाठी आकाशदर्शन आणि छोटं प्रदर्शन ठरतंय. गरुड तेजोमेघातल्या स्तंभांचे दोन फोटो शेजारी-शेजारी लावायचे आहेत: हबलचा १९९५ चा आणि जेम्स वेबचा २०२२ चा. खालच्या मजकुरावर गाडी अडली आहे.

पहिला प्रश्न. जागा तीच, पण एका फोटोत काळेकुट्ट खांब आणि दुसऱ्यात ताऱ्यांचा सडा. ‘अवरक्त (इन्फ्रारेड) किरण धुळीतून आरपार जातात’ हे उत्तर सगळीकडे मिळतं, पण ते अर्धवट वाटतं. धुळीने अडवलेला प्रकाश शेवटी जातो कुठे?

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. लाल तारा म्हणजे कमी तापमानाचा, असं मुलांना आपणच शिकवतो. वृषभ राशीतले बरेच कोवळे तारे लालसर आहेत. ते खरंच थंड आहेत की धुळीमुळे लाल दिसतात? हे मोजून वेगळं काढता येतं का? आणि सोलापुरातून ६-८ इंची दुर्बिणीने यातलं काय दाखवता येईल?

हुरडा
उन्हाळ्यात संध्याकाळी धुळीतून सूर्य लालभडक दिसतो की ओ. तसंच हे. मुलांना लगेच पटेल.

मृगशीर्ष
हुरडाभाऊ, इथे जरा थांबूया, कारण पुढचं सगळं कणांच्या आकारावर उभं आहे. आपल्याकडे मार्च-एप्रिलात वाऱ्याने उठणाऱ्या मातीचे कण साधारण १ ते १० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किंवा त्याहून मोठे असतात. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. कण तरंगलांबीपेक्षा बराच मोठा असला की तो निळा आणि लाल यांत फारसा भेद करत नाही, जवळजवळ सगळे रंग सारखेच अडवतो. म्हणून भर दुपारी धुळीचं वादळ आलं तर सूर्य पांढुरका, फिकट होतो. मावळतीची लाली मुख्यतः हवेचे रेणू आणि धुरासारखे अतिसूक्ष्म कण यांच्यामुळे येते, शिवाय तेव्हा प्रकाशाला हवेतून लांबचा रस्ता कापावा लागतो.

ताऱ्यांमधली धूळ या दुसऱ्या जातीची. १९७७ साली मॅथिस, रम्पल आणि नॉर्डसिएक यांनी दाखवलं की ०.००५ ते ०.२५ मायक्रॉनचे सिलिकेट आणि कार्बनी कण धरले, आणि त्यांची संख्या त्रिज्येच्या −३.५ घाताने घटत जाते असं मानलं, तर ताऱ्यांच्या प्रकाशातली प्रत्यक्ष दिसणारी घट चांगली जुळते. इतके बारीक कण निळा प्रकाश जास्त अडवतात, लाल कमी, अवरक्त त्याहून कमी.

हे मोजायचं माप म्हणजे आर-व्ही. विरळ अवकाशात ते सरासरी ३.१ धरतात: ताऱ्याचा बी−व्ही रंग (निळ्या बी आणि पिवळट-हिरव्या व्ही फिल्टरमधल्या तेजाचा फरक) १ प्रतीने (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचं माप, आकडा मोठा तेवढा तारा मंद) लाल झाला तर व्ही मधली घट ३.१ प्रती. पण तारे जिथे जन्मतात त्या दाट ढगात कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांच्यावर बर्फाचा थर बसतो, आणि आर-व्ही ५ च्या आसपास जातं. म्हणजे तेवढ्याच लालसरपणामागे ५ प्रतींची घट लपलेली असते. अशा ठिकाणी सवयीने ३.१ वापरलं तर तारा खऱ्यापेक्षा जवळजवळ सहापट मंद ठरतो. मृगातल्या दाट भागांत ही चूक हमखास होते.

हुरडा
पटलं. म्हणजे आपली धूळ दाखवायची तर ‘असं होत नाही’ याचं उदाहरण म्हणून!

मृगशीर्ष
नुसतं तेवढंच नाही. कोवळ्या ताऱ्याभोवती फिरणाऱ्या वायू-धुळीच्या तबकडीत कण वाढत वाढत मिलिमीटरपर्यंत जातात. तिथली धूळ आडवी आली की तारा लाल न होता नुसता मंदावतो. आपल्या मातीच्या धुळीचं उदाहरण तिथे अगदी चपखल बसतं.

विजापूरवेस
अडवलेला प्रकाश जातो कुठे, यावर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

अडवण्याचे दोन प्रकार आहेत. एक, कण प्रकाश दुसरीकडे वळवतो. तो आपल्या दिशेने वळला तर तेजोमेघ म्हणून दिसतो. कृत्तिकेतल्या मेरोपीभोवतालच्या धुक्याचा वर्णपट ताऱ्यासारखाच आहे, हे स्लायफरने १९१२ मध्ये दाखवलं होतं. दोन, कण प्रकाश शोषतो, तापतो आणि तीच ऊर्जा लांब तरंगलांबीवर परत देतो. कुठल्या तरंगलांबीवर हे काढायला वीनचा नियम पुरे: २८९८ भागिले तापमान, उत्तर मायक्रॉनमध्ये. कण आदर्श कृष्णवस्तू नसतात, पण अंदाजाला चालतं.

४००० केल्विनचा तारा: ०.७२ मायक्रॉन
१५०० केल्विन, तबकडीची आतली कड: १.९ मायक्रॉन
३०० केल्विन, तबकडीचा उबदार भाग: सुमारे १० मायक्रॉन
३० केल्विन, भोवतालचं आवरण: सुमारे ९७ मायक्रॉन
१० केल्विन, तारा बनण्याआधीचा ढग: सुमारे २९० मायक्रॉन

१५०० केल्विनचा आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. त्याच्या आसपास सिलिकेटचे कण टिकत नाहीत, वाफ होतात. म्हणून धूळ ताऱ्याला चिकटून राहू शकत नाही. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती ती साधारण पृथ्वी-सूर्य अंतराच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास सुरू होते, आणि ती तापलेली कड २ मायक्रॉनच्या सुमारास चमकते. पुढे रंग मोजताना हीच कड घोळ घालते.

आणखी एक. ढगात वस्तुमानाने धूळ फक्त एक टक्का, बाकी ९९ टक्के वायू. तरी प्रकाशाचं काय होणार ते हा एक टक्काच ठरवतो. आणि ३० ते ३०० मायक्रॉनचा बहुतेक प्रकाश आपल्या वातावरणातली वाफ अडवते, म्हणून १९८३ चा आयरास उपग्रह (१२, २५, ६० आणि १०० मायक्रॉन) आणि २००९ ते २०१३ मधला हर्शेल इतके महत्त्वाचे. आपल्यापासून साधारण ३०० किमीवरच्या हैदराबादहून टीआयएफआरची १ मीटरची दूर-अवरक्त दुर्बीण बलूनने वर पाठवली जायची, त्यामागचं कारणही तेच. प्रदर्शनात याला एक कोपरा द्याच.

अश्विनी_बार्शी
सातरस्ता, ‘अवरक्त आरपार जातात’ हे वाक्य पोस्टरवर लिहू नका ही विनंती. किती धूळ आणि कुठली तरंगलांबी हे सांगितल्याशिवाय त्या वाक्याला अर्थ नाही.

दृश्य प्रकाशात १० प्रतींची घट असेल तर आपल्यापर्यंत दहा हजारांतला एक भाग पोचतो. २.२ मायक्रॉनवर, म्हणजे के पट्ट्यात, घट साधारण ०.११ पट: १.१ प्रती. एक तृतीयांशाहून जास्त प्रकाश येतो. भुजंगधारीतल्या बार्नार्ड ६८ या काळ्या ढगाच्या मध्यातून ३० च्या आसपास प्रतींची घट आहे. दृश्य प्रकाशात एकावर बारा शून्यांतला एक भाग, म्हणजे काहीच नाही. के मध्ये मात्र एकविसातला एक भाग येतो, म्हणून मागचे तारे दिसतात. अल्व्हेस आणि दोघे लाडा यांनी २००१ मध्ये याच ताऱ्यांच्या लालसरपणावरून त्या ढगाची घनता आतून बाहेर कशी उतरते ते मोजलं. इथवर ‘आरपार’ ठीक आहे.

पण नुकत्याच बनू लागलेल्या आदिताऱ्याभोवती घट शेकडो, कधी हजार प्रतींवर जाते. तिथे ५ मायक्रॉनलाही तारा थेट दिसत नाही. शिवाय तरंगलांबी वाढवली की धूळ नेहमी पारदर्शक होत जाते हेही खरं नाही. ९.७ मायक्रॉनवर सिलिकेटमधला सिलिकॉन-ऑक्सिजन बंध प्रकाश शोषतो, १८ च्या आसपास दुसरा पट्टा आहे. ६ वरून ९.७ ला गेलात तर धूळ उलट जास्त अपारदर्शक होते. ढोबळ हिशोब: दृश्य घटीला १८ ने भागलं की ९.७ मायक्रॉनवरची प्रकाशीय खोली (धूळ प्रकाश किती अडवते त्याचं माप) मिळते. ३६ प्रतींची घट असेल तर खोली २, म्हणजे सातातला एक भाग.

यातलं सुंदर टोक असं की हाच पट्टा कधी खड्डा होतो, कधी उंचवटा. आवरणात गुरफटलेल्या आदिताऱ्यात मागे उष्ण भाग आणि पुढे थंड धूळ, म्हणून खड्डा. उघड्या तबकडीत वरचा पापुद्रा आतल्या भागापेक्षा उष्ण, म्हणून उंचवटा. जोडीला ३.०५ मायक्रॉनला पाण्याच्या बर्फाचा आणि १५.२ ला कार्बन डायऑक्साइडच्या बर्फाचा खड्डा दिसला, तर समोर थंड आवरण नक्की आहे.

स्तंभांचे वेबचेच दोन फोटो आहेत. निरकॅम या जवळच्या अवरक्त कॅमेऱ्यात तारेच तारे. मिरी या मध्य-अवरक्त कॅमेऱ्यात बहुतेक तारे गायब आणि धूळ उजळलेली, कारण त्या तरंगलांबीवर साध्या ताऱ्यांचं तेज फार उतरतं आणि धूळ स्वतः प्रकाशते. जमलं तर तिन्ही फोटो लावा, दोन नको.

गड्डा
ताई, मग वेबच्या फोटोतले निळे-केशरी रंग खरे की रंगवलेले? मुलं पहिला प्रश्न हाच विचारणार.

मृगशीर्ष
डोळ्याला दिसतील असे ते रंग नाहीत, पण मनाने भरलेलेही नाहीत. प्रत्येक फिल्टरचा फोटो काळा-पांढरा असतो. सर्वात लहान तरंगलांबीच्या फिल्टरला निळा, मधल्याला हिरवा, लांबच्याला लाल असा क्रम ठेवून ते एकत्र करतात. क्रम खरा राहतो, म्हणून रंगावरून धूळ वाचता येते. नोव्हेंबर २०२२ मधला एल१५२७ या आदिताऱ्याचा फोटो त्यासाठी उत्तम. डमरूसारखा आकार आहे, मधल्या बारीक मानेत तारा आणि कडेने दिसणारी तबकडी लपलेली. ताऱ्याच्या प्रवाहांनी वर-खाली पोकळ्या कोरल्या आहेत आणि त्यांच्या भिंतींवरून वळलेला प्रकाश आपल्याला दिसतो. जिथे धूळ पातळ तिथे निळं, जिथे जाड तिथे केशरी. तारा थेट दिसत नाही तरी त्याचा प्रकाश दिसतो, ही गोष्ट मुलांना त्या एका फोटोवर समजावता येईल.

आणि वळवलेल्या प्रकाशाचा तेजोमेघ नेहमी निळाच असतो असंही नाही. ज्येष्ठेभोवतालचा पिवळट आहे, कारण दिवाच तांबडा आहे.

पाकणी
धुळीकडे सगळे अडचण म्हणूनच बघतायत. मला वाटतं तीच खरं घड्याळ आहे. २ ते २० मायक्रॉनमध्ये ऊर्जा वाढत जाते की उतरते, त्या चढावरून लाडा यांनी १९८७ मध्ये पहिला, दुसरा, तिसरा असे वर्ग पाडले. १९९३ मध्ये आंद्रे, वॉर्ड-थॉम्पसन आणि बार्सनी यांनी त्याआधीचा शून्य वर्ग जोडला, जिथे बहुतेक वस्तुमान अजून आवरणातच असतं.

चढ, म्हणजे अल्फा, घरबसल्या काढता येतो. टूमास आणि वाइज या अवरक्त आकाश-सर्वेक्षणांच्या याद्या आहेत. टूमासच्या यादीतून के प्रत घ्या, वाइजच्या यादीतून २२ मायक्रॉनची डब्ल्यू-४ प्रत. शून्य प्रतीचा प्रवाह के साठी ६६६.७ जान्स्की (प्रवाहाचं एकक), डब्ल्यू-४ साठी ८.३६. समजा के ९.० आणि डब्ल्यू-४ २.० आहे. प्रवाह निघतो ०.१६८ आणि १.३३ जान्स्की. प्रत्येकाला आपापल्या तरंगलांबीने (२.१६ आणि २२.१) भागा: ०.०७८ आणि ०.०६०. दुसऱ्या आकड्याला पहिल्याने भागून लॉगॅरिदम घ्या आणि त्याला तरंगलांबींच्या गुणोत्तराच्या लॉगॅरिदमने भागा. अल्फा −०.११.

०.३ च्या वर पहिला वर्ग, ०.३ ते −०.३ सपाट, −०.३ ते −१.६ दुसरा, त्याखाली तिसरा. हा तारा सपाट वर्गात, म्हणजे पहिल्यातून दुसऱ्यात जाणारा. पहिल्या वर्गाचा काळ साधारण अर्धा दशलक्ष वर्षं, दुसऱ्याचा काही दशलक्ष.

रोहिणी_क
पाकणीदादा, गणित बरोबर आहे, पण ‘घड्याळ’ या शब्दाला माझा विरोध आहे. तुमचाच तारा घ्या. त्याच्या समोर दुसऱ्याच ढगाची १० प्रतींची धूळ आहे असं धरा. के मध्ये १.१ प्रत कमी झाली, २२ मायक्रॉनमध्ये अर्धी प्रत धरू. ती भरून काढली की अल्फा −०.३५ होतो आणि तारा दुसऱ्या वर्गात जातो. वय बदललं नाही, ताऱ्याजवळचं काहीच बदललं नाही, फक्त वाटेतली धूळ मोजली.

दुसरी अडचण कोनाची. तबकडी आपल्याला कडेने दिसत असेल तर तारा तिच्याआड जातो, जवळचं अवरक्त पडतं, लांबचं तसंच राहतं, आणि दुसऱ्या वर्गातला तारा पहिल्यासारखा भासतो. उलट, आवरणातल्या पोकळीतून सरळ आत बघत असू तर पहिल्या वर्गातला दुसऱ्यासारखा भासेल. एका ताऱ्याला वर्गावरून वय चिकटवू नये. ढगातल्या शेकडो ताऱ्यांची गणती असेल तर चालतं, कारण कोन सगळीकडे विखुरलेले असतात.

पाकणी
एकट्या ताऱ्याच्या बाबतीत मान्य. मग वर्ग खरा की भासमान हे ठरवायचं कशाने?

रोहिणी_क
मिलिमीटर लहरींनी. तिथे आवरण पारदर्शक असतं, त्यामुळे मिळणारा प्रवाह जवळजवळ सगळ्या धुळीची बेरीज असतो आणि कोनावर फारसा अवलंबून नसतो. उदाहरण: वृषभेतल्या ढगाचं अंतर १४० पार्सेक, १.३ मिलिमीटरवर १०० मिलिजान्स्की, धुळीचं तापमान २० केल्विन, आणि वायूसकट अपारदर्शकता ग्रॅमला ०.०२३ चौरस सेंटिमीटर. वस्तुमान निघतं सूर्याच्या ०.०१७ पट, म्हणजे गुरूच्या १७-१८ पट. मात्र तापमान १० केल्विन धरलं तर तेच उत्तर २.७ पट वाढतं. म्हणून अशा आकड्याबरोबर कुठलं तापमान धरलं ते लिहिलेलं नसेल तर त्या आकड्यावर विसंबू नका. आणि तबकडीचा अगदी आतला भाग मिलिमीटरलाही अपारदर्शक असू शकतो, तिथे मिळतं ते किमान वस्तुमान.

आवरण पसरट आणि तबकडी आटोपशीर असते, तेव्हा अल्मासारख्या अँटेनांच्या जाळ्याने फोटो घेतला की दोन्ही वेगळे दिसतात. एचएल टॉरी या वृषभेतल्या कोवळ्या ताऱ्याच्या तबकडीतली वलयं २०१४ मध्ये तशीच दिसली.

शेंगाचटणी
हा एचएल टॉरी सोलापुरातून कुठे दिसतो?

नान्नजचा_माळ
डोक्यावर! त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) +१८ अंश १४ मिनिटं, सोलापूरचं अक्षांश १७.७ च्या आसपास. याम्योत्तरावर (माथ्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर) येतो तेव्हा खस्वस्तिकापासून (बरोबर डोक्यावरच्या बिंदूपासून) जेमतेम अर्धा अंश दूर असतो. टी टॉरी हा वृषभेतलाच दुसरा कोवळा ताराही दोन अंशांच्या आत. वातावरणाचा सर्वात पातळ थर, यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. एचएल टॉरी १५ व्या प्रतीच्या आसपास आहे, त्याला ८ इंची आरसा आणि बऱ्याच फोटोंची बेरीज लागेल. टी टॉरी १० च्या आसपास, तो सहज येतो. जानेवारीच्या मध्यात रात्री सव्वानऊच्या सुमारास तो माथ्यावर असतो, म्हणजे शाळेच्या वेळेत बसतो.

माथ्यावर असण्याचा त्रासही आहे. विषुववृत्तीय माउंटवर नेमक्या त्याच वेळी नळी तिपाईच्या पायाला आपटते किंवा कॅमेरा अडकतो. याम्योत्तराच्या आधी अर्धा तास थांबा, माउंट पलटवा, नंतर पुढे मोजा. डॉब्सोनियनवाल्यांना तर माथ्यावर तारा धरताच येत नाही. त्यांनी साडेसातलाच सुरुवात करावी.

मुलांना काय दाखवायचं, तर धूळ हलताना दाखवा. यूएक्स ओरायनिस (क्रांती −३ अंश ४७ मिनिटं) आणि त्याच्या जातीचे तारे यासाठी उत्तम. तबकडीतले धुळीचे ढग मधूनच समोर येतात आणि तारा काही दिवस-आठवडे दोन-तीन प्रतींनी मंदावतो. व्ही आणि आय (जवळचं अवरक्त) अशा दोन फिल्टरांत मोजत राहा आणि व्ही विरुद्ध व्ही−आय असा आलेख काढा. आय मधली घट व्हीच्या ०.६ पट, म्हणून बारीक धूळ असेल तर व्ही १ प्रत उतरली की व्ही−आय ०.४ ने वाढतो. तीन गोष्टी दिसू शकतात.

रेघ याच उताराने गेली तर साधी बारीक धूळ. व्ही उतरली पण रंग जागचा हलला नाही तर मोठे कण, ज्याबद्दल मृगशीर्ष यांनी लिहिलं आहे. आणि रंग आधी लाल होत जाऊन तळाशी पुन्हा निळा झाला, तर तारा पुरता झाकला गेलाय आणि आता आपल्याला मुख्यतः तबकडीवरून वळलेला प्रकाश दिसतोय. ग्रिनिन यांनी दाखवलं की याच वेळी ध्रुवणही वाढतं, कारण वळलेला प्रकाश ध्रुवित असतो आणि थेट प्रकाश झाकलेला असतो. या शेवटच्या वळणासारखा पुरावा दुसरा नाही. थंड होत चाललेला तारा मंदावताना निळा होऊच शकत नाही.

मोजताना काय बिघडतं ते सांगतो. टी टॉरीच्या पश्चिमेला लागूनच हिंद या खगोलज्ञाच्या नावाचा तेजोमेघ (एनजीसी १५५५) आहे. आकाशाची पार्श्वभूमी मोजायचं कडं त्यावर पडलं तर तारा खऱ्यापेक्षा मंद निघतो. कडं बाहेर सरकवा आणि सरासरीऐवजी मध्यक घ्या. मोजणीच्या वर्तुळाची त्रिज्या ताऱ्याच्या ठिपक्याच्या अर्धउंचीवरच्या रुंदीच्या दुप्पट ते अडीचपट ठेवा आणि रात्रभर तीच ठेवा. आरडब्ल्यू ऑरिगे या कोवळ्या ताऱ्याचा जोडीदार दीड कोनीय सेकंदापेक्षाही जवळ आहे, आपल्या हवेत तो वेगळा होत नाही. २०१०-११ मध्ये मुख्य तारा सुमारे २ प्रतींनी मंदावला होता. अशा वेळी जोडीदाराचा प्रकाश मिसळून घट कमी दिसते. तुलनेचे तारे एएव्हीएसओ या रूपविकारी ताऱ्यांच्या निरीक्षक संस्थेच्या नकाशातून घ्या, शक्यतो लक्ष्याच्या रंगाच्या जवळचे.

आणि आपली स्वतःची धूळ: सेन्सरच्या काचेवर आणि फिल्टरवर बसलेल्या कणांची गोल सावली ताऱ्यावर आली की दोन-तीन टक्क्यांची खोटी घट दिसते. दर रात्री फ्लॅट (एकसारख्या उजळ पृष्ठाचे फोटो) घ्या, फिल्टर बदलला की वेगळे घ्या. आरसा कोरड्या फडक्याने पुसू नका, फुंकणीने उडवा.

गड्डा
जागा कुठली? गड्ड्याच्या झगमगाटात होम मैदानाजवळ तर काही दिसायचं नाही.

नान्नजचा_माळ
मोजणीसाठी नान्नज-वडाळ्याकडचा माळ बरा, पण अभयारण्याच्या हद्दीत वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही, आणि दिवे अजिबात नाहीत. माळढोकाच्या मुलखात आपण पाहुणे. १० व्या प्रतीच्या ताऱ्यांना फिल्टर लावून शहराच्या कडेवरूनही ०.०३ प्रतीची अचूकता मिळते, त्यामुळे शाळेची गच्चीही चालेल.

सातरस्ता
खूप मिळालं, सगळ्यांचे आभार. पण माझा दुसरा प्रश्न अजून शिल्लक आहे. जो तारा बदलत नाही, नुसता लाल आहे, तो थंड की झाकलेला?

रोहिणी_क
दोन वाटा आहेत.

खात्रीची वाट वर्णपट. धूळ रंग बदलते, पण ताऱ्याच्या वातावरणातल्या रेषा पुसत नाही आणि नव्या घालतही नाही. ४००० केल्विनच्या खालच्या ताऱ्यात टायटॅनियम ऑक्साइडचे रुंद पट्टे दिसतात, ०.७०५ मायक्रॉनच्या पुढे ठळक. हायड्रोजनच्या रुंद रेषा असलेला उष्ण तारा धुळीने कितीही लाल झाला तरी त्यात ते पट्टे येणार नाहीत. पट्टे आहेत म्हणजे तारा थंड आहे. आणि त्या जातीला शोभेल त्याहून लाल असला तर उरलेली लाली धुळीची. आपल्याकडे टी टॉरीचं उत्तर ‘थोडं हे, थोडं ते’ असं येतं: मुळातच सूर्यापेक्षा थंड, वर धूळही.

दुसरी वाट वर्णपट नसताना. टूमासच्या जे, एच, के (जवळच्या अवरक्तातले तीन पट्टे) प्रती घ्या. गुणवत्तेचा शेरा तिन्ही पट्ट्यांत ‘ए’ असेल तेच तारे ठेवा. जे−एच उभ्या अक्षावर, एच−के आडव्या. बारीक धूळ ताऱ्याला या आलेखावर ठरावीक तिरक्या रेघेने सरकवते: आडवं १, उभं १.७. जे−एच मधली वाढ ०.१०७ ने भागली की दृश्य घट.

उदाहरण. जे−एच १.५०, एच−के ०.७०. मूळ तारा एम० (थंड, तांबड्या) जातीचा धरला तर त्याचे रंग ०.६६ आणि ०.१६ च्या आसपास. जे−एच मधली वाढ ०.८४, म्हणून घट ७.९ प्रती. या घटीने एच−के ०.६६ व्हायला हवा, मोजलेला ०.७०. मोजणीच्या चुकीत बसतं. हा तारा नुसता झाकलेला आहे.

आता दुसरा: जे−एच तोच १.५०, पण एच−के १.१०. धुळीने फक्त ०.६६ पर्यंत नेलं असतं. वरचा ०.४४ विजापूरवेस यांनी सांगितलेल्या १५०० केल्विनच्या कडेचा आहे, तिने के फुगवला. इथे मूळ रंग साध्या ताऱ्याचा धरून चालत नाही. मायर, कॅल्व्हेट आणि हिलेनब्रँड यांनी १९९७ मध्ये तबकडीवाल्या ताऱ्यांची रेघ दिली: जे−एच बरोबर ०.५८ गुणिले एच−के, अधिक ०.५२. तिरक्या रेघेने मागे येत या रेघेला भिडलं की मूळ रंग ०.९८ आणि ०.८०, घट ४.९ प्रती.

साध्या ताऱ्याच्या हिशोबाने ७.९ आणि तबकडीच्या हिशोबाने ४.९. तीन प्रतींचा फरक म्हणजे दृश्य तेजात १६ पट. म्हणून अशा ताऱ्यांचं तेज व्ही वरून किंवा के वरून काढत नाहीत, जे वरून काढतात: घट व्हीच्या सुमारे ०.२८ पट आणि तापलेल्या धुळीची भर कमी. तोच तीन प्रतींचा गोंधळ जे मध्ये २.२ पटीवर येतो.

अश्विनी_बार्शी
रोहिणी, एक भर. मायरची रेघ टूमासच्या नाही, सीआयटी या जुन्या फिल्टर-पद्धतीत आहे. टूमासचे रंग आधी तिकडे बदलून घ्यायला हवेत. फरक काही शतांश प्रतींचाच, पण काठावरच्या ताऱ्यांना तो ‘तबकडी आहे’ वरून ‘नाही’ वर ढकलू शकतो.

रोहिणी_क
बरोबर, बदलून घ्यावेत. आणि एच−के मधली जादा ०.१ पेक्षा कमी असेल तर तबकडीचा दावा करूच नये, वाइजच्या १२ मायक्रॉनवर तपासावं.

सातरस्ता
मजकूर असा करतोय: ‘धूळ ताऱ्याचा निळा प्रकाश जास्त आणि लाल कमी अडवते. शोषलेली ऊर्जा ती अवरक्तात परत देते. जवळच्या अवरक्तात पातळ धूळ पारदर्शक होते आणि आतले तारे दिसतात. मध्य-अवरक्तात धूळ स्वतः प्रकाशते.’ तीन फोटो, खाली एल१५२७. शेजारी टी टॉरीच्या व्ही आणि आय फोटोंची जोडी.

विजापूरवेस
‘पातळ धूळ’ हे शब्द राहू द्याच, अश्विनीताईंचा मुद्दा त्यात आला. ‘अवरक्तात परत देते’ च्या पुढे ‘दाट आवरणात त्याहून लांब, मिलिमीटरच्या जवळच्या लहरींत’ एवढं जोडा.

नान्नजचा_माळ
टी टॉरीची जोडी घेताना व्ही, आय, आय, व्ही असा क्रम ठेवा, प्रत्येकी ६० सेकंदांचे दहा-दहा. हवा रात्री हळूहळू बदलते, या क्रमाने दोन्ही फिल्टरांची सरासरी वेळ एकच येते आणि रंगात खोटा फरक शिरत नाही. आय मध्ये तारा जास्त प्रखर येईल, आधी एक फोटो घेऊन मध्यबिंदू कॅमेऱ्याच्या कमाल मर्यादेच्या साठ-सत्तर टक्क्यांखाली आहे ना ते बघा. नसेल तर आयचा वेळ ३० सेकंदांवर आणा आणि फोटो वीस करा.